सभामंडप आणि गाभारा

जुनी वस्तु मोडकळीस आली म्हणजे तिचें काय करावें, हा प्रश्न वरवर पाहतां गवंड्याचा आणि सुताराचा आहे. छप्पर गळूं लागलें तर कौलें बदलावीं, भिंतीला ओल आली तर गिलावा करावा, दारें किडलीं तर नवीं बसवावीं. यांत तत्त्वविचाराला स्थान कोठें आहे, असें कोणीही विचारील. परंतु जी इमारत स्वतःसाठीं नसून दुसऱ्या कोणत्या तरी श्रेष्ठ वस्तूकडे माणसाला नेण्यासाठीं उभारलेली असते, तिच्या डागडुजीचा प्रश्न इतका सोपा राहत नाहीं. अशा इमारतींत एक खिडकी बुजविली किंवा एक भिंत रंगविली, तरी त्या श्रेष्ठ वस्तूशीं आपला संबंध काय, याचें कांहीं ना कांहीं उत्तर आपण देऊन बसतों. उत्तर दिलें आहे हेंही पुष्कळदां आपल्या ध्यानांत येत नाहीं. आणि म्हणूनच तें तपासून पाहणें अवश्य ठरतें.

असा प्रश्न आज आपल्या अभयारण्यांच्या दाराशीं उभा आहे. राज्यांतील अनेक अरण्यांच्या तोंडाशीं वनखात्यानें 'निसर्ग परिचय केंद्र' या नांवाची वास्तु उभारलेली आहे. मेळघाटांत सेमाडोह येथें असें एक केंद्र आहे. अशा वास्तूंत सामान्यतः काय असतें तें सर्वांस ठाऊक आहे. प्रदेशाचा उठावाचा नकाशा, पशुपक्ष्यांचीं चित्रें, पावलांचे ठसे, काचेआड ठेवलेलीं शिंगें व पिसें, आणि भिंतींवर उपदेशपर वाक्यें. दहा-पंधरा पावसाळे गेले कीं चित्रांचा रंग उडतो, काचेमागें धूळ सांचते, नकाशावरच्या नद्या पुसट होतात. मग केव्हां तरी पैसा मंजूर होतो आणि नूतनीकरणाचा विचार सुरू होतो. त्या विचाराला बहुधा एकच माप लावलें जातें: किती नवें, किती मोठें आणि किती झगझगीत. पडदे येतात, दिवे येतात, कळ दाबतांच डरकाळी फोडणारा वाघ येतो. या मापाला हरकत कोणती, आणि तें नको तर दुसरें माप कोणतें, एवढेंच प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे.

आपल्या भाषेंत या कामासाठीं दोन शब्द आहेत. एक नूतनीकरण आणि दुसरा जीर्णोद्धार. पहिल्या शब्दाची दृष्टि वस्तूच्या वयावर आहे. जुनें होतें तें नवें केलें कीं त्याचें काम संपलें. दुसऱ्या शब्दाची दृष्टि वस्तूच्या हेतूवर आहे. काळाच्या ओघांत जें खचलें, गाडलें गेलें, तें पुन्हां वर काढावयाचें. आणि काय वर काढावयाचें हें ठरविण्यासाठीं तें मुळांत कशासाठीं होतें हें आधीं आठवावें लागतें. अहिल्याबाई होळकरांनीं काशीच्या विश्वेश्वराचें मंदिर १७८० च्या सुमारास पुन्हां उभारलें, तेव्हां त्यांनीं दगड नवे बसविले. पण लोकांनीं त्यांना आठविलें तें नव्या दगडांसाठीं नव्हे, तर खंडित झालेली पूजा पुन्हां सुरू झाली म्हणून. नवें देऊळ बांधण्यापेक्षां पडक्या देवळाचा उद्धार करण्याचें पुण्य अधिक, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. तिचें कारण उघड आहे. नवें बांधणारा पुष्कळदां आपलें नांव उभें करतो. जीर्णोद्धार करणारा दुसऱ्या कोणाच्या तरी हेतूची सेवा पत्करतो.

तेव्हां प्रश्न असा कीं, अरण्याच्या दाराशीं असलेल्या घराचा मूळ हेतु कोणता? तो हेतु नांदुऱ्यासारख्या गांवांतून पाहिला म्हणजे अधिक स्पष्ट दिसतो. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील आणि राष्ट्रीय महामार्गालगतचें हें बुलढाणा जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव प्रवाशांना माहीत आहे, तें बहुधा रस्त्यालगतच्या १०५ फुटी हनुमानाच्या मूर्तीमुळें. मोटारीच्या खिडकींतून मान वर केली कीं मूर्ति दिसते, हात आपोआप जोडले जातात, आणि गाडी मलकापुराकडे किंवा खामगांवाकडे निघून जाते. यांत उणें कांहीं नाहीं. मारुति हें दैवतच वेशीवरचें. परंतु याच गांवावरून आणखी एक वस्तु जाते, जिच्याकडे बहुतेक प्रवासी मान वळवीत नाहींत. ती म्हणजे ज्ञानगंगा नदी. अजिंठ्याच्या डोंगररांगांतून उतरून ती उत्तरेकडे येते व पुढें पूर्णेला मिळते. बुलढाणा आणि खामगांव यांच्या मधल्या डोंगरांत सुमारें २०५ चौरस किलोमीटरांचें जें अभयारण्य १९९७ सालीं घोषित झालें, त्याला याच नदीचें नांव आहे. तेथें अस्वल आहे, बिबट्या आहे, नीलगाय आहे. म्हणजे अरण्य नांदुऱ्यापासून दूर आहे असें म्हणण्यांत फारसा अर्थ नाहीं. पावसाळ्यांत तें पाण्याच्या रूपानें गांवावरूनच जात असतें. तरीही नांदुऱ्याचा रहिवासी त्या अरण्याच्या दाराशीं गेला तर त्याला म्हणावयाचें 'पर्यटक'. ज्याचें पाणी आपण घेतों त्याच्या घरीं आपण तिऱ्हाईत पाहुणे म्हणून जातों. परिचय केंद्राचा हेतु कांहीं असेल तर तो हा, कीं या तिऱ्हाइताला त्याचें जुनें नातें कळावें.

येथें एक पक्ष असा उभा राहतो कीं, हें नातें कळावयास इमारत कशाला हवी? अरण्य स्वतःच बोलतें. त्याच्यापुढें फलक लावणें म्हणजे सूर्याला पणती दाखविणें होय. ज्याला डोळे आहेत त्यानें जावें आणि पाहावें. ज्याला नाहींत त्याला चित्रें दाखवून काय उपयोग? मोडकळीस आलेली वास्तु मोडूं द्यावी, तिच्या भिंतींवर वेली चढूं द्याव्यात, आणि तो पैसा पाणवठ्यांवर व वनरक्षकांवर खर्च करावा. हा पक्ष आकर्षक आहे. त्यांत एक प्रकारची वैराग्याची शोभा आहे. परंतु नीट पाहिलें तर त्यांत थोडा अहंकारही लपलेला आहे. हें बोलणारा मनुष्य बहुधा सुशिक्षित असतो, त्याचे पाय धड असतात, त्याच्याजवळ दुर्बीण असते आणि पक्ष्यांचीं नांवें त्याला पुस्तकांतून आधींच माहीत असतात. त्याचें परिचय केंद्र त्याच्या घरांतच आहे. तें त्याच्या फडताळांत आहे. पण शाळेच्या सहलीला आलेली मुलगी, गुडघ्यांनीं अधू झालेली आजी, जन्मभर शेतांत राबूनही 'हें पांखरूं कोठून येतें' याचें उत्तर कोणीं न दिलेला शेतकरी, यांनीं काय करावें? अरण्य बोलतें हें खरें. पण तें सर्वांच्या भाषेंत बोलत नाहीं. दुभाष्याची गरज ज्याला नाहीं त्यानें दुभाषा नकोच असें म्हणणें हा न्याय नव्हे.

तर मग दुभाषा हवा. पण दुभाष्याचाही एक धर्म आहे, आणि तो आपल्या देवळांच्या रचनेंत फार पूर्वीं सांगून ठेवलेला आहे. देवळाला सभामंडप असतो आणि गाभारा असतो. सभामंडपांत माणसें बसतात, कीर्तन होतें, पोरें खांबांभोंवतीं खेळतात. पण त्या सर्वांचीं तोंडें शेवटीं गाभाऱ्याकडे असतात. जुन्या दगडी देवळांत सभामंडप अंधुक असतो. बाहेरच्या उन्हांतून आलेल्या माणसाला आंत क्षणभर कांहींच दिसत नाहीं. मग डोळे निवतात आणि समईच्या उजेडांत मूर्ति दिसूं लागते. सभामंडपाचें काम दृष्टीला तयार करणें हें आहे, दृष्टीची भूक तेथेंच भागविणें हें नव्हे. उलट, ज्या देवळाच्या मंडपांत आरसे, झुंबरें आणि चित्रें यांची इतकी दाटी झाली कीं लोक तेथूनच समाधानानें परत फिरूं लागले, त्या देवळांत देव असूनही नसल्यासारखाच. परिचय केंद्र हा सभामंडप आहे आणि अरण्य हा गाभारा आहे. कळ दाबतांच डरकाळी ऐकविणाऱ्या वाघाला हरकत आहे ती इतकीच, कीं तो वेळेवर येतो. खरा वाघ वेळेवर येत नाहीं, पुष्कळदां येतच नाहीं, आणि त्याच्या न येण्याचाही आदर करावयास शिकणें हाच अरण्यांत जाण्याचा पहिला धडा आहे. खोट्या वाघावर पोसलेली दृष्टि खऱ्या अरण्यांत जाऊन कंटाळते आणि 'आज कांहीं दिसलें नाहीं' असें म्हणत परत येते. सागाच्या पानांवरून सरकणारा वारा, वारुळावरचे अस्वलाच्या नखांचे ओरखडे, दूरवरून येणारी चितळाची हांक, हें सर्व तिच्या लेखीं कांहींच नसतें.

दुभाष्याचा पहिला धर्म खरें बोलणें हा होय. हें इतकें उघड आहे कीं सांगण्याची गरज नाहीं असें वाटेल; पण फलकावरची अक्षरें फार लवकर खोटीं होतात. याच जिल्ह्यांतील लोणारचें विवर घ्या. इ. स. १८२३ मध्यें सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानें त्याची नोंद केली. तें ज्वालामुखीनें झालें कीं उल्केच्या आघातानें, याचा वाद दीर्घकाळ चालला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आघाताच्या बाजूनें निकालांत निघाला. त्याचें वय पुष्कळ वर्षें सुमारें पन्नास हजार वर्षें असें सांगितलें जात असे. पुढें २०१० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें खडकांतील आरगॉन वायूच्या मापनावरून तें सुमारें ५ लक्ष ७० हजार वर्षें ठरविलें. जून २०२० मध्यें सरोवराचें पाणी एकाएकीं गुलाबी झालें, तेव्हां नाना तर्क निघाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें पाणी तपासून तो रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा असल्याचें दाखविलें. ज्या भिंतीवर तीस वर्षांपूर्वीं पन्नास हजार हा आंकडा रंगविला असेल, ती भिंत कितीही धड असली तरी तिचा जीर्णोद्धार आवश्यक आहे. कारण इमारत पडते तशी माहितीही पडते. फरक इतकाच कीं पडलेल्या माहितीचा आवाज होत नाहीं. आणि नवा आंकडा लिहितांना तो कोणीं, केव्हां, कशावरून काढला हेंही लिहावें. म्हणजे वाचणाऱ्याला कळेल कीं ज्ञान ही आयती मिळालेली मालमत्ता नसून चालू असलेला शोध आहे. लवणासुराची कथा पुसण्याचेंही कारण नाहीं. ती कथा आहे असें सांगून सांगावी. लोकांनीं त्या विवराकडे किती शतकें आश्चर्यानें पाहिलें याचा तोच पुरावा आहे.

एका खोट्या पाटीनें काय होऊं शकतें, याचें उदाहरण आपल्या शेजारच्याच प्रदेशांत घडलें आहे. रानपिंगळा नांवाचें लहानसें घुबड १८७३ सालीं ह्यूम यानें शास्त्राला परिचित करून दिलें. पुढें १८८४ पर्यंत त्याचे अवघे सात नमुने गोळा झाले, त्यांतले कांहीं खानदेशांतले. आणि नंतर तो पक्षी जणूं नाहींसा झाला. रिचर्ड माइनर्ट्सहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहांत मात्र त्याचा आणखी एक नमुना होता, आणि त्याच्या पाटीवर १९१४ साल व गुजरातेंतील मांडवी हें ठिकाण लिहिलेलें होतें. पुढें असें सिद्ध झालें कीं तो नमुना संग्रहालयांतून चोरलेला, खानदेशांत जेम्स डेव्हिडसन यानें पूर्वीं मिळविलेलाच होता. त्याचा पेंढा बदलून त्यावर खोटी पाटी लावण्यांत आली होती. ती पाटी शोधणाऱ्यांना भलत्याच दिशेला नेत होती. पामेला रासमुसेन या विदुषीनें ती बाजूला सारून जुन्या खऱ्या नोंदींचा माग घेतला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांत शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हां दिसला. एकशें तेरा वर्षांनंतर. पुढें मेळघाटांतही त्याची चांगली वस्ती आढळली. पक्षी कोठें गेलाच नव्हता. आपल्या अक्षरांनीं त्याला झांकून टाकलें होतें. परिचय केंद्राची एकेक पाटी लिहितांना ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. शोभेसाठीं म्हणून लिहिलेलें एक खोटें वाक्य एखाद्या जिवंत प्राण्याला शंभर वर्षें अदृश्य करूं शकतें.

दुसरा धर्म याहून कठीण आहे. पशुपक्ष्यांविषयीं खरें बोलणें एक वेळ सोपें. स्वतःविषयीं खरें बोलणें अवघड. अमेरिकेंतील न्यू यॉर्क येथील निसर्गेतिहासाच्या संग्रहालयांत कार्ल एकली याच्या कल्पनेंतून निर्माण झालेलें आफ्रिकेंतील प्राण्यांचें दालन १९३६ सालीं उघडलें. अरण्याचें दृश्य काचेआड उभें करण्याची ती कला जगभर वाखाणली गेली. त्यांतले गोरिला एकलीनें १९२१ सालीं स्वतः मारून आणले होते. आणि त्याच एकलीनें पुढें बेल्जियमच्या राजाचें मन वळवून १९२५ सालीं गोरिलांसाठीं राखीव उद्यान निर्माण करविलें. १९२६ सालीं तो त्याच प्रदेशांत मरण पावला. ही कथा जोंवर कोणी सांगत नाहीं तोंवर काचेआडचें दृश्य नुसतें सुंदर असतें. ती ऐकल्यावर तें सत्य होतें. याच संग्रहालयांत १९३९ सालीं तयार झालेला एक देखावा होता. डच अधिकारी आणि तेथील मूळचे लेनापे लोक यांच्या सतराव्या शतकांतील भेटीचा. त्यांत डच सन्मानानें उभे आणि मूळचे लोक अर्धनग्न, दुय्यम व निर्जीव दाखविलेले. २०१८ सालीं संग्रहालयानें तो देखावा मोडला नाहीं कीं रंगवून सुधारलाही नाहीं. त्याच्या काचेवरच मोठ्या अक्षरांत लिहिलें कीं येथें हें चुकलें आहे, तें चुकलें आहे. जीर्णोद्धाराचा हा प्रकार विचार करण्याजोगा आहे. जुनी चूक पुसून टाकली तर पुढच्या पिढीला वाटतें कीं आपण जन्मतःच शहाणे आहों. ती ठेवून तिच्यावर खुलासा लिहिला तर पाहणारा स्वतःच्या आजच्या समजुतींकडेही थोड्या संशयानें पाहूं लागतो.

आपल्याकडे या दुसऱ्या धर्माची कसोटी कोठें लागते तें सांगावयास हवें. मेळघाट हा १९७४ सालापासून व्याघ्रप्रकल्प आहे. देशांतील पहिल्या नऊ प्रकल्पांपैकीं एक. त्याच्या अंतर्भागांतून बोरी, कोहा आणि कुंड हीं गांवें या शतकाच्या आरंभीं अकोट तालुक्यांत हलविण्यांत आलीं, आणि पुढें आणखी गांवें हललीं. तीं बहुतांशीं कोरकूंचीं गांवें होतीं. गांवें उठल्यावर तेथें गवत वाढलें, हरणें आलीं, त्यांच्या मागोमाग वाघ आला. हें खरें आहे व अरण्याच्या दृष्टीनें आनंदाचें आहे. पण जमीन व सोयी यांविषयीं दिलेलीं वचनें पुरीं झालीं नाहींत असें म्हणत पुनर्वसित गांवांतील कांहीं लोक जानेवारी २०१९ मध्यें परत जंगलांत गेले, चकमक झाली आणि अनेक माणसें जखमी झालीं. हेंही तितकेंच खरें आहे. आतां परिचय केंद्राच्या नव्या भिंतीवर यांतलें काय लिहावयाचें? रीत अशी कीं हिरव्या कुरणाचें चित्र काढावें आणि खालीं 'निसर्गाचें पुनरागमन' असें लिहावें. त्या कुरणाखालीं कोणाचें अंगण होतें, कोणाच्या देवाचा दगड होता, याचा उल्लेख नसतो. असें चित्र असत्य म्हणतां येणार नाहीं. पण तें अर्धें सत्य आहे, आणि अर्धें सत्य ज्याच्या पोटावर पाय देऊन उभें राहतें त्याला तें पुऱ्या असत्याहूनही अधिक लागतें.

यावर कोणी म्हणेल कीं, दोन घटका विरंगुळ्यासाठीं आलेल्या कुटुंबाला हीं दुःखें कशाला दाखवावीं? त्यानें काय होणार? याला उत्तर असें कीं, त्यानें अरण्याची किंमत कळेल. जें फुकट मिळालें असें वाटतें त्याची कोणी राखण करीत नाहीं. हें कुरण कोणा तरी गांवानें आपलें गांवपण देऊन आपल्याला दिलें आहे, असें ज्या मुलाला कळलें तें मूल तेथें कागदाचा कपटा टाकतांना दहा वेळां विचार करील. शिवाय हें सांगणें म्हणजे कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करणें नव्हे. वाघ वांचवावयाचा होता हें खरें, माणसें दुखावलीं हेंही खरें. दोन न्याय्य गोष्टी एकमेकींच्या आड येतात तेव्हां काय करावें, हा मनुष्याच्या नीतिशास्त्रांतला सर्वांत जुना प्रश्न आहे. अरण्याच्या दारांत तो प्रश्न प्रामाणिकपणें मांडला तर परिचय केंद्राला शाळेहूनही मोठी योग्यता येईल. उत्तर भिंतीनें देऊं नये. तें घरीं परततांना गाडींत बसलेल्या आई-बापांनीं आणि मुलांनीं आपसांत शोधावें.

तिसरा धर्म मर्यादेचा. केंद्राची भिंत आणि अभयारण्याचें फाटक पाहून मनाची अशी समजूत होते कीं अरण्य येथें सुरू होतें आणि तेथें संपतें. ही समजूत एका वाघानें खोटी ठरविली. यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वरच्या अभयारण्यांत जन्मलेला, शास्त्रज्ञांनीं 'टी-१ सी-१' अशी खूण दिलेला एक तरुण वाघ जून २०१९ मध्यें तेथून निघाला. त्याच्या गळ्यांत पट्टा होता म्हणून त्याचा मार्ग कळला. तेलंगणाच्या सीमेंत जाऊन येऊन, कपाशी-सोयाबीनच्या शेतांतून, ओढ्यानाल्यांच्या कडेनें, रस्ते ओलांडीत पांच महिन्यांत सुमारें १३०० किलोमीटर चालून तो १ डिसेंबर २०१९ च्या सुमारास ज्ञानगंगेच्या अरण्यांत पोंचला. त्याला येथें सोबतीण आणून द्यावी कीं नाहीं याची चर्चा झाली. पुढें पट्टा निघाला, आणि २०२१ सालीं अंगावरच्या पट्ट्यांच्या ठेवणीवरून तो गौताळ्याच्या अरण्यांत ओळखला गेला. ज्या प्रदेशाला आपण दोन अरण्यांमधली मोकळी जागा म्हणतों ती त्याच्या लेखीं वाटच होती. आणि त्या वाटेवर हजारों शेतकऱ्यांचीं शेतें होतीं. त्या वाघाचा पुतळा केंद्रांत उभारावा असें कोणी सुचवील. त्यापेक्षां त्याच्या चालीचा नकाशा भिंतीवर काढावा, आणि त्यांत वाटेवरच्या गांवांचीं नांवें लिहावींत. आपल्या गांवाचें नांव त्या रेषेजवळ वाचणाऱ्याला जें कळेल तें पुतळा पाहून कळणार नाहीं: अरण्य म्हणजे कुंपणाआडचा जिन्नस नसून आपल्याच शेताच्या बांधावरून जाणारें कांहीं तरी आहे.

एक व्यावहारिक आक्षेप उरतो, आणि तो टाळणें बरें नव्हे. सत्य, संयम, मर्यादा हें सर्व ठीक. पण असें रूक्ष केंद्र पाहावयास येणार कोण? लोक आले नाहींत तर उत्पन्न नाहीं, आस्था नाहीं, आणि आस्था नाहीं तर अरण्यही नाहीं. या आक्षेपांत तथ्य आहे. परंतु त्यांत असें गृहीत धरलें आहे कीं लोकांना चकाकीच आवडते. आपला अनुभव असा नाहीं. आजीनें सांगितलेली गोष्ट ऐकण्यास मुलांना झुंबर लागत नाहीं. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्यें, म्हणजे आजच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत, १९२६ सालीं निसर्गेतिहास विभागासाठीं एक व्याख्याता-मार्गदर्शक नेमण्यांत आला. येणाऱ्या मुलांना काचेआडच्या पशुपक्ष्यांविषयीं सांगावें हें त्याचें काम. तो तरुण म्हणजे सालिम अली. पुढें देशाला पक्ष्यांकडे पाहावयास शिकविणाऱ्या माणसाच्या हयातीचा एक भाग असा बोलका दुभाषा होण्यांत गेला, हें बोधप्रद आहे. केंद्राच्या नूतनीकरणाचा पैसा यंत्रांऐवजीं जर माणसांवर खर्च केला, त्या अरण्याच्या कडेला वाढलेल्या, कोरकू किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या तरुण-तरुणींना पगार देऊन तेथें बसविलें, तर केंद्र रूक्ष राहणार नाहीं. यंत्र बंद पडलें कीं तें मुकें होतें. पण जाणता मनुष्य 'हें मला माहीत नाहीं' असेंही म्हणूं शकतो, आणि तें ऐकणें पाहुण्याला फलकाहून अधिक शिकवितें. शिवाय ज्यांचीं गांवें अरण्यासाठीं हललीं त्यांच्यांतला एक जण त्या घरांत यजमान म्हणून उभा राहिला, तर थोडा का होईना न्याय होईल. मग पाहुणा कोण आणि यजमान कोण हा प्रश्नही योग्य रीतीनें सुटेल.

तर जीर्णोद्धाराचें माप हें असें आहे. छप्पर जरूर दुरुस्त करावें, कारण गळक्या छपराखालीं सत्यही भिजतें. पायऱ्यांच्या बाजूला उतार करावा, म्हणजे अधू माणसांना आंत येतां येईल. स्वच्छ पाणी आणि स्वच्छ शौचकूप असावें, कारण पाहुण्याचा मान तेथूनच सुरू होतो. अक्षरें ठळक आणि मराठींत असावींत. जुने चुकलेले आंकडे बदलावेत व बदलले असें सांगावें. उठलेल्या गांवांचीं नांवें लिहावीं. पहिला फलक वाघाचा नसून नदीचा असावा, आणि त्यावर डोंगरापासून नांदुऱ्यापर्यंत व पुढें पूर्णेपर्यंत तिचा मार्ग दाखवावा. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे अरण्याच्या बाजूची खिडकी मोठी ठेवावी. तिच्यापुढें पडदा, पुतळा वा यंत्र कांहींही आणूं नये. यासाठीं फार पैसा लागत नाहीं. लागतो तो स्वतःचें नांव पुढें न करण्याचा निग्रह, आणि तोच आपल्या सार्वजनिक कामांत दुर्मिळ झाला आहे.

असें काम झालें कीं नाहीं हें उद्‌घाटनाच्या दिवशीं कळणार नाहीं. त्या दिवशीं सर्वच भिंती चांगल्या दिसतात. तें कळेल नंतर केव्हां तरी, एखाद्या साध्या दिवशीं, आलेल्या कुटुंबाच्या वागण्यावरून. तीं माणसें अर्ध्या घटकेंत केंद्र पाहून बाहेर पडलीं, अरण्याच्या वाटेवर त्यांचा आवाज आपोआप खालीं आला, वाघ न दिसतांही त्यांनीं दिवस फुकट गेला असें म्हटलें नाहीं, आणि परत येतांना नांदुऱ्याच्या पुलावरून त्यांच्यापैकीं एका मुलानें खालीं वांकून नदीकडे पाहिलें, तर जीर्णोद्धार झाला असें समजावें.